चौकटीतली लढाई

फेब्रुवारी संपत आला की आखातातल्या मराठी घरांत आज्यांची आयात सुरू होते. व्हिजिट व्हिसावर, बॅगेत थालीपिठाची भाजणी आणि गुडघ्यांचं तेल घेऊन आम्ही पुण्यामुंबईहून येतो. घरातली आई ऑफिसला जाते, लेकरू परीक्षेला बसतं आणि मधल्या वेळात कुणाला तरी त्याच्या शेजारी बसावं लागतं. अभ्यास घ्यायला आम्हाला कुणी सांगत नाही. आम्ही राखणीला असतो. यंदा मी अबू धाबीच्या खलिफा सिटीत नेहाकडे, माझ्या धाकट्या लेकीकडे, तिच्या ताराची राखण करते आहे. तारा नववीत आहे.

परवा दुपारी ती इतिहास वाचत होती. फ्रेंच राज्यक्रांती. मी चष्मा लावून डोकावले आणि मला ती चौकट दिसली. पुस्तक बदललंय, चित्रं रंगीत झाली आहेत, पण धड्याच्या कडेला बारीक अक्षरांतली चौकट अजून आहे. पश्चिमेकडचे काही शेतकरी राजाच्या बाजूने उठले आणि प्रजासत्ताकाच्या फौजेने त्यांचं बंड मोडून काढलं, एवढाच मजकूर.

“ही चौकट वाचलीस का गं?”

“आजी, दॅट्स नॉट इन द पोर्शन. बॉक्समधलं काही येत नाही.”

“तुझ्या आईनेही नववीत हेच सांगितलं होतं.”

“सी?” म्हणत तिने पान उलटलं. मग तिला काहीतरी आठवलं आणि दप्तरातून चाचणीचा पेपर काढून तिने माझ्यापुढे टाकला. “ममा इज इन अ मीटिंग. तू जस्ट तिची साइन कर ना, आजी. यू नो हर साइन.”

पेन माझ्या हातात आलंसुद्धा होतं. मी ते टेबलावर इतक्या जोरात ठेवलं की पोर दचकली. संध्याकाळी आई आली की घे तिच्याकडून, म्हटलं. तिला वाटलं, आजी पेपरमधल्या मार्कांवर चिडली. वाटू दे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा आम्ही रास अल खैमाला होतो. डोंगराच्या पायथ्याशी सिमेंटच्या पाइपांचा एक कारखाना होता, त्याच्या मागे स्टाफची दहा घरं, त्यातलं एक आमचं. हे तिथे प्रॉडक्शन सांभाळायचे. सकाळी सहाला जात, दुपारी एकला जेवायला येत, आणि पुन्हा गेले की अंधार पडल्यावर घरी. रास अल खैमाला समुद्र आहे, आणि समुद्र दिसला की आपल्याला उगाच वाटतं, पलीकडे मुंबई असणार. मी पाण्याकडे बघत बसले की हे हसायचे. “वृंदा, पलीकडे इराण आहे. मुंबई तुझ्या पाठीमागे आहे, डोंगरापल्याड.” पंधरा वर्षं मी चुकीच्या दिशेला तोंड करून माहेर आठवत होते.

आमच्या घरातल्या सह्या मी करायचे. ते काही गुपित नव्हतं. शाळेची डायरी, प्रगतिपुस्तक, सहलीचा फॉर्म, सगळीकडे वडिलांची सही लागायची आणि वडील तर कारखान्यात. मग त्यांची सही मीच ठोकायची: एक वाटोळा एस, त्याला लांब शेपटी, शेवटी दोन टिंबं. त्या कॉलनीतल्या सगळ्याच बायका हे करायच्या. माझी तर इतकी हुबेहूब यायची की हे कौतुकाने म्हणत, “माझ्यापेक्षा तुझीच बरी येते. बँकेत तूच जात जा.”

त्या वर्षी नेहा नववीत होती आणि थोरली अश्विनी बारावीला, पुण्यात, माझ्या भावाकडे. आमच्या शाळेत अकरावीला सायन्स नव्हतं. दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे, असं सगळे म्हणाले. सोळा वर्षांची पोर आपण विमानात बसवून दिली आणि घरी येऊन तिची चादर धुतली, हे कुणाला सांगायचं?

अशा वेळी मादाम आमच्या घरी यायला लागली. कारखान्यात नवी यंत्रं बसवायला एक फ्रेंच इंजिनिअर आला होता, त्याची ती बायको. तिला पडदे शिवायचे होते आणि शिलाई मशीन माझ्याकडे होतं. दोघींची इंग्रजी सारखीच लंगडी, त्यामुळे आमचं छान जमायचं. एके दिवशी ती मशीनवर बसली होती आणि मी नेहाचं पुस्तक हातात धरून प्रश्न विचारत होते. ती चौकट तिने वाचली आणि मशीन थांबवलं.

“हे माझं गाव आहे,” ती म्हणाली.

तिच्या गावाभोवतीच्या शेतांना भिंतींसारखी उंच कुंपणं होती आणि मधून खोल गेलेल्या, माणूस बुडेल अशा पाऊलवाटा. राजाचं डोकं उडवलं गेलं तेव्हाही गाव फार हललं नव्हतं. पण नव्या सरकारने गावातले पाद्री आधीच हाकलले होते, त्यात पोरांना फौजेत धरून न्यायला माणसं आली, आणि गाव उठलं. गवत कापायच्या विळ्यांची पाती काढून त्यांनी दांड्यांना सरळ उभी ठोकली, भाल्यांसारखी. पवनचक्क्यांची पाती एका विशिष्ट कोनात थांबवली की त्याचा अर्थ, शत्रू येतोय. त्यांच्या टोपीवर पांढरी फीत आणि कोटावर लाल कापडाचं काळीज शिवलेलं. सरकारी शिपाई निळ्या कोटातले. गावाच्या बोलण्यात पांढरे आणि निळे, एवढीच दोन जातींची माणसं उरली. मादामने माझ्या चिंध्यांच्या पिशवीतून एक लाल तुकडा काढला, कात्रीने काळजाचा आकार कापला, त्यावर क्रूस टाचला आणि माझ्या हातात दिला. तावीजच की, मी म्हटलं.

“आणि लढाई जिंकली की ते घरी जायचे,” ती म्हणाली. “शर्ट बदलायला. गाय पिळायला. निळे सेनापती वेडे व्हायचे. काल एवढी फौज होती, आज गेली कुठे?”

मला हे फार आवडलं. बंडखोर असूनही गाय पिळायला घरी जाणारी माणसं माझ्या ओळखीची होती. माझ्या घरातच एक होता, फक्त तो बंडखोर आहे हे मला तोवर कळलं नव्हतं.

कारखान्याचे मालक म्हणजे मोठे अरबाब. म्हातारा, उंच, कमी बोलणारा माणूस. नेहाच्या वेळी मला कळा सुरू झाल्या तेव्हा डोंगरात पाऊस झाला होता आणि रस्त्यावरचा ओढा फुगला होता. कंपनीचा ड्रायव्हर गाडी घालेना. तेव्हा अरबाब स्वतः आपल्या उंच गाडीत मला आणि यांना घालून पाण्यातून घेऊन गेले आणि नेहा जन्मेपर्यंत दवाखान्याबाहेर माळ ओढत बसले. आखातातल्या युद्धाच्या वर्षी कारखाना महिनोन्‌महिने थंड होता, तरी त्यांनी एकाही माणसाला घरी पाठवलं नाही. खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणतात, तर ते मीठ आम्ही दोघांनीही खाल्लं होतं.

त्या हिवाळ्यात अरबाब आजारी पडून लंडनच्या हॉस्पिटलात गेले आणि इकडे त्यांच्या पुतण्याने कारखाना हातात घेतला. नवे मॅनेजर आले, नवी यंत्रं आली, आणि एक नवा कागद आला. त्यावर सगळ्या स्टाफने सही करायची. आजपासून आमचा मालक पुतण्या, जुन्या मालकांशी आमचा काही संबंध नाही, असा त्याचा मतलब. बहुतेकांनी दोन दिवसांत सह्या केल्या. चौघांनी केल्या नाहीत. स्टोअरकीपर वर्गीस, दोन जुने फोरमन आणि आमचे हे.

“म्हातारा माणूस हॉस्पिटलात पडलाय आणि मी लिहून देऊ की माझा त्यांच्याशी संबंध नाही?” हे म्हणाले. “ते परत आले की दोन मिनिटांत सगळं सेटल होईल.”

मला तेव्हा अभिमानच वाटला. खोटं कशाला बोलू?

मग पुण्याहून फोन आला. अश्विनीला कावीळ झाली होती. दादा म्हणाला, काळजी करू नकोस, पथ्यपाणी चालू आहे. तीन दिवसांनी म्हणाला, ॲडमिट केलंय. त्यानंतर म्हणाला, डॉक्टर लिव्हरवर आलंय म्हणतात, येऊ शकलीस तर ये. आणि त्यानंतरच्या फोनवर तो नुसता रडला. माझा दादा, जो वडील गेले तेव्हा रडला नव्हता.

मी बॅग काढली आणि तेव्हा लक्षात आलं की पासपोर्ट नाहीत. आमच्या तिघांचे पासपोर्ट व्हिसा रिन्यू करायला म्हणून कंपनीने महिन्यापूर्वी नेले होते. सही केलेल्यांचे परत आले. आमचे ऑफिसच्या कपाटात. इकडेतिकडे विचारून पाहिलं. जो तो एकच सांगे, कंपनीशी बोला. कंपनी म्हणे, सही करा.

त्या आठ दिवसांबद्दल मला आजही धड लिहिता येत नाही. सकाळी मी नेहाची परीक्षा घ्यायची. प्रश्न विचारायचे आणि उत्तर ऐकायचं नाही. भाजी चिरायला घ्यायची आणि चिरून झाली की ती कशासाठी चिरली ते आठवायचं नाही. फोन वाजला की धावत जायचं, नाही वाजला की रिसीव्हर उचलून तो चालू आहे ना ते बघायचं. पाइप भरलेले ट्रक दारावरून जात आणि खिडक्या थरथरत, तेवढाच आवाज. वाऱ्याने आलेली बारीक धूळ रोज डायनिंग टेबलवर बसायची. त्याच टेबलावर, शब्दकोशाखाली, तो कागद पडलेला होता. मी धूळ पुसताना शब्दकोश उचलायचे, कागद पुसायचे, पुन्हा शब्दकोश ठेवायचे.

जेवायच्या वेळी आम्ही भांडायचो. नेहा ताटात बघत राहायची.

“अरबाबना ठाऊक तरी आहे का, तुम्ही चौघं इथे अडून बसलाय ते?”

“नसेल. म्हणून काय झालं?”

“म्हणून काय झालं? माझी पोर मरतेय तिकडे!”

“माझी नाही का ती?” यांचा आवाज फुटला. “लंडनला निरोप ठेवलाय. त्यांच्या मुलाचा फोन येईल. इन्शाल्ला, उद्या येईल. एक दिवस दे मला.”

मी एक दिवस दिला. मग आणखी एक. फोन आला नाही.

त्या दिवसांत मादाम येऊन पडदे शिवत नुसती बसायची. मी स्वतःच तिला विचारलं, मग पुढे काय झालं तुमच्या माणसांचं? कुणाच्या तरी दुसऱ्याच्या दुःखात मला डोकं खुपसायचं होतं. ती म्हणाली, हरायला लागल्यावर ते घरी जायचे थांबले, कारण घरं जळाली होती. मग बायका, पोरं, म्हातारे, सगळ्यांना घेऊन त्यांनी मोठी नदी ओलांडली आणि समुद्राकडे निघाले. इंग्लंडहून जहाजं येणार, असा निरोप होता. समुद्र दिसला. एकही जहाज आलं नव्हतं. मग ते परत फिरले. थंडी, पाऊस, वाटेत दुखणी, रोज मागे सुटणारी माणसं. पुन्हा नदीपाशी आले तर नावा नव्हत्या. पलीकडच्या काठावर त्यांचा मुलूख दिसत होता. पाण्याला हात लावता येत होता. पण जायचं कशाने? आणि मागून निळे येत होते. शेवटची लढाई एका चिखलाच्या गावात झाली. ज्यांच्याकडे बंदुका उरल्या होत्या ते आडवे उभे राहिले, बायकापोरांना दलदलीत पळता यावं म्हणून. फार कुणी वाचलं नाही.

मग ती म्हणाली, “माझ्या आजोबांचे पणजोबा वाचले. त्यांची दोन मुलं पलीकडच्या काठावर राहिली होती. नदीवर त्यांनी लाल काळीज उसवून टाकलं, तीन रंगांची फीत लावली आणि निळ्यांच्या नावेतून पलीकडे गेले. अजूनही आमच्या गावात आमच्या घराला फिरलेल्याचं घर म्हणतात. माझ्या आईला शाळेत त्यावरून चिडवायचे.”

ती दोन गोष्टी सांगत होती. मी त्यातली पलीकडे नेणारी नाव तेवढी ऐकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला कंपनीचा मंदूब आला. मंदूब म्हणजे सरकारी कागदपत्रांची धावपळ करणारा माणूस. वाईट नव्हता बिचारा. दारातच उभा राहून म्हणाला, “मॅडम, साब को समझाओ. एक साइन, बस. कल पासपोर्ट आपके हाथ में. खलास.”

मी म्हटलं, “साब ने साइन करके रखा है. रुको.”

आत आले. शब्दकोश उचलला. नेहाच्या कंपासमधलं पेन घेतलं, शाळेच्या डायरीवर वापरायचे तेच. एक वाटोळा एस, लांब शेपटी, दोन टिंबं. माझा हात जरासुद्धा कापला नाही. अशा वेळी हात कापतो असं सगळे सांगतात. माझा मेला पंधरा वर्षांच्या सवयीने सरळ चालला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता हे जेवायला बसले होते आणि मंदूब पासपोर्ट घेऊन आला. यांनी ते हातात घेतले, उघडून पाहिले, नवे व्हिसे पाहिले. मग माझ्याकडे बघितलं.

“सही कुणी केली?”

“मी.”

वरणभात तसाच राहिला. हे उठले, हात धुतले, बूट घातले आणि कारखान्यात गेले. मला वाटलं, संपलं. आता हे सांगणार की सही खोटी आहे. पासपोर्ट परत जाणार, मला कदाचित पोलिसांत नेणार, आणि अश्विनी तिकडे एकटी. त्या चार तासांत मी नेहाला समोर बसवून चौकटीतली सगळी लढाई सांगितली. नदी, नावा, चिखल, सगळं. “आई, चौकटीतलं परीक्षेला येत नाही,” ती रडत म्हणत होती आणि मी थांबत नव्हते. मी थांबले असते तर किंचाळले असते.

संध्याकाळी यांच्या पाठोपाठच वर्गीस आला. तो आत आला नाही. मी स्वयंपाकघराच्या दारामागे होते, इतिहासाचं पुस्तक अजून हातात.

“कर्णिक साब, ऑफिस में बोल रहे हैं, आपने साइन किया. मैं बोला, झूठ है.” त्याचा आवाज जवळजवळ आशेने भरलेला होता. “झूठ है ना, साब?”

यांना फक्त एक शब्द उच्चारायचा होता. मी पदर तोंडात कोंबून उभी होते.

“नहीं, वर्गीस. मैंने किया.”

“आप भी, साब?” वर्गीस म्हणाला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो पायऱ्या उतरून गेला, आणि हे दार लावायचं विसरून तिथेच उभे राहिले.

पुण्यात पोचले तेव्हा अश्विनी उशीला टेकून बसली होती. पिवळी, हडकलेली, पण शुद्धीवर. मादामने दिलेलं लाल काळीज मी पर्समधून काढून तिच्या उशाखाली ठेवलं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांपूर्वीच उतार पडायला लागला, आता धोका नाही. दोन दिवसांपूर्वी म्हणजे मी विमानात बसायच्या आधी. म्हणजे वर्गीस आमच्या दारात उभा होता, साधारण तेव्हा. मी नसते आले तरी ती वाचली असती का? हा प्रश्न मी त्या हॉस्पिटलच्या जिन्यात स्वतःला विचारला आणि आजवर विचारते आहे. पोरीने मात्र माझा हात धरला आणि तीन आठवडे सोडला नाही. बारावी तिने पुढच्या वर्षी दिली.

एप्रिलमध्ये परत आले तेव्हा वर्गीसच्या घराला कुलूप होतं. त्याला आणि दोन्ही फोरमनना व्हिसा कॅन्सल करून गावी पाठवलं होतं. अरबाब लंडनलाच वारले. कॉलनीतल्या बायका माझ्याशी बोलत होत्या, पण यांना कारखान्यात जुनी माणसं सलाम करेनाशी झाली होती. सही करणाऱ्या बाकी सगळ्यांना त्यांनी माफ केलं होतं. आधी अडून मग फिरलेल्याला नाही. यांनी पुढची आठ वर्षं त्याच माणसांत काढली.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. हे डायनिंग टेबलशी बसले होते. नेहा आत झोपली होती. मी चहा ठेवला आणि समोर बसले. माफी मागायची होती, ती मागता येईना. म्हणून विचारलं, “वर्गीसला खरं का नाही सांगितलंत? मला पोलिसांत नेतील म्हणून?”

यांनी कप फिरवला, पुन्हा सरळ केला.

“पंधरा वर्षं तू केलेली सही माझी म्हणून चालली,” हे म्हणाले. “एकाच दिवशी ती माझी नाही असं कसं म्हणू?”

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, तेवढं तरी मला येतं. मग यांनी नेहाचं प्रगतिपुस्तक माझ्याकडे सरकवलं. इतिहासात ती जेमतेम पास झाली होती. क्रांतीची कारणं विचारली होती आणि तिने अडीच पानं नदीकाठच्या माणसांवर लिहिली होती. खाली, पालकांच्या सहीसाठी सोडलेल्या ओळीवर, मी सवयीने बोट नेलं. तिथे सही आधीच झालेली होती. मराठीत, पूर्ण नावाची, शाळकरी मुलाने काढावीत तशी एकेक अक्षरं सावकाश काढलेली. वाटोळा एस नव्हता, शेपटी नव्हती, टिंबं नव्हती. ती सही मी त्याआधी कधी पाहिली नव्हती, आणि मरेपर्यंत यांनी दुसरी केली नाही.